मुलाचं टॉन्सिल्स-ॲडिनॉइडचं ऑपरेशन: करायचं की थांबायचं?

निशिगंध | ९ जानेवारी, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकला, मखमलाबाद रोडला राहतो. मुलगा साडेपाच वर्षांचा, मोठ्या शिशुगटात आहे. दिवाळीपासून सर्दी अशी हटतच नाही. पण खरी काळजी रात्रीची. मोठ्या माणसासारखा घोरतो. तोंड उघडं, मान मागे टाकलेली, या थंडीतही उशी घामाने ओली. सकाळी उठवलं की चिडचिड. जेवायला पाऊण तास लागतो, कारण तोंड मिटून चावायला लागला की त्याला श्वास पुरत नाही. दोन घास खाल्ले की थांबतो, तोंड उघडतो, मग पुढचा घास.

कॉलेज रोडला एका डॉक्टरांनी बाजूने मानेचा एक्स-रे काढला. म्हणाले, ॲडिनॉइडने, म्हणजे नाकाच्या मागे असलेल्या गाठीने, तिथली वाट जवळजवळ बंद केलीय, टॉन्सिल्सही मोठे आहेत, दोन्ही एकदम काढू. दुसरं मत घ्यायला पंचवटीत गेलो. ते म्हणाले, वयाबरोबर लहान होतात, नाकाचा स्प्रे देतो, तीन महिने बघू. सासूबाईंचं एकच म्हणणं, एवढ्याशा पोराच्या गळ्याला शस्त्र लावायचं नाही. नवरा म्हणतो तू ठरव.

ज्यांनी केलं त्यांनी लिहा, ज्यांनी नाही केलं त्यांनीही लिहा. आणि कशावरून ठरवलंत तेवढं नक्की सांगा.

ओझरचा_वारा | १० जानेवारी, सकाळी ७:३५

ताई, आम्ही थांबलो, म्हणून ती बाजू सांगतो. मुलीला सहाव्या वर्षी हेच ऑपरेशन सांगितलं होतं. पण तिचं घोरणं सर्दीपुरतं असायचं, सर्दी गेली की रात्र शांत. तेवढ्यावर धीर धरला. स्प्रे वापरला, घरातली उदबत्ती आणि डासांची कॉइल बंद केली, उशीचे अभ्रे दर आठवड्याला गरम पाण्यात. ॲडिनॉइड सहा-सात वर्षांपर्यंत वाढतात आणि मग आपोआप आक्रसत जातात, हे आमच्या बालरोगतज्ज्ञांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. आता ती नऊची आहे, काही त्रास नाही. आमच्या ओझर-निफाड पट्ट्यात थंडी पडली की निम्मी शाळा खोकते. प्रत्येक खोकल्याला चाकू नको.

सिडको_स्टॉप | १० जानेवारी, सकाळी ९:०२

+१. घाई नको.

रविवारकारंजा | १० जानेवारी, दुपारी १:४८

१९६८. मी सात वर्षांचा. आमच्या वाड्यात चार चुलत भावंडं होतो, चौघांचे टॉन्सिल्स एकाच सकाळी काढले. तेव्हा रीतच तशी होती. घसा वरचेवर धरतो ना, मग काढा, आणि एकाचे काढताय तर सगळ्यांचेच उरकून घ्या. चादरीत घट्ट गुंडाळलं, तोंडावर कापडाचा मास्क ठेवला आणि त्यावर ईथरचे थेंब टाकत राहिले. तो गोडसर, डोक्यात चढणारा वास अजून माझ्या नाकात आहे. जाग आली तेव्हा पितळी पातेल्यात रक्ताची उलटी होत होती आणि आई पदराने तोंड पुसत होती. धाकट्या चुलत बहिणीचं रक्त थांबेना म्हणून तिला त्याच रात्री टांग्यातून परत न्यावं लागलं. वाचली ती, पण आजी जिवंत होती तोवर घरात ऑपरेशनचं नाव काढायची सोय नव्हती.

तेव्हा निशिगंध, सासूबाईंना दोष देऊ नका. त्यांच्या पिढीने असंच काहीतरी पाहिलेलं असतं. पण ईथरचे दिवस गेले हेही त्यांना सांगा. दोन वर्षांपूर्वी माझ्या नातीचं झालं. भूलतज्ज्ञ सुरुवातीपासून शेवटपर्यंत उशाशी, बोटाला ऑक्सिजन मोजणारी क्लिप, श्वासनलिकेत नळी. चाळीस मिनिटांत बाहेर आणली.

सिडको_स्टॉप | १० जानेवारी, दुपारी २:१५

काका, चौघांना आईस्क्रीम मिळालं का मग?

रविवारकारंजा | १० जानेवारी, दुपारी २:३१

बर्फाचा गोळा मिळाला, तोही बिनरंगाचा. आम्ही लाल मागत होतो, आजी अडून बसली, लाल नाही म्हणजे नाही.

शाळेची_घंटा | १० जानेवारी, सायंकाळी ६:२०

मी सातपूरला पहिलीच्या वर्गाला शिकवते. माझ्या वर्गात एक मुलगा होता. हाक मारली की बघायचा नाही, शुद्धलेखन शेजारच्याच्या वहीतून उतरवायचा, दुपारनंतर बाकावर डोकं टेकायचा. तीन महिने मी त्याला ‘लक्ष कुठे आहे तुझं?’ असं म्हणत राहिले. मग एकदा फळ्याकडे तोंड करून मी शब्द घातले आणि त्याने एकही लिहिला नाही. समोर तोंड करून घातले तर दहापैकी नऊ बरोबर. तो माझे ओठ वाचत होता!

तपासणीत दोन्ही कानांच्या पडद्यामागे चिकट पाणी साठलेलं निघालं. ॲडिनॉइड वाढले की कानाकडे हवा नेणारी नळी बंद होते, त्याचा हा परिणाम. ॲडिनॉइड काढले, कानात बारीक नळ्या बसवल्या. दुसऱ्या आठवड्यात वर्गात आला तर घंटा वाजल्यावर दचकला.

निशिगंध, तुमचा मुलगा टीव्हीचा आवाज वाढवतो का? मागून हाक मारली तर वळतो का? ऑपरेशन करा न करा, कानाची तपासणी मात्र आधी करून घ्या.

कर्णफूल | १० जानेवारी, रात्री १०:०५

मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे, नाशिकमध्येच. इथे लिहून कुणाच्या मुलाचं निदान करणार नाही, पण एक गोंधळ दूर व्हायला हवा. हे ऑपरेशन दोन अगदी वेगळ्या कारणांसाठी होतं आणि पालक दोन्ही एकत्र करतात.

पहिलं कारण, घसा वारंवार दुखणं. त्याचा हिशोब ठरलेला आहे. वर्षात सात वेळा, किंवा लागोपाठ दोन वर्षं दरवर्षी पाच वेळा, किंवा तीन वर्षं दरवर्षी तीन वेळा. त्यातही साधी खवखव धरायची नाही. १०१ च्या वर ताप, मानेत दुखऱ्या गाठी, टॉन्सिलवर पांढरा पू किंवा तपासणीत स्ट्रेप्टोकोकस हा जंतू, यांपैकी काहीतरी प्रत्येक वेळी हवं आणि ते डॉक्टरांच्या कागदावर हवं. एवढं नसेल तर बहुतेक मुलं थांबून बरी होतात. स्ट्रेप्टोकोकसचा घसा असेल तर दिलेलं प्रतिजैविक तेवढं पूर्ण करा. दोन दिवसांत ताप उतरला म्हणून बाटली फ्रिजमध्ये मागे सारू नका. अर्धवट राहिलेल्या त्या घशातून संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब झालेली मुलं आपल्याकडे अजूनही दिसतात.

दुसरं कारण, झोपेत श्वास अडणं. तिथे घसा किती वेळा दुखला याला महत्त्व नाही. मूल सर्दी नसतानाही रोज घोरतं का, घोरता घोरता मध्येच गप्प होऊन मग हिसका देऊन श्वास घेतं का, छाती आत ओढली जाते का, घाम, पुन्हा सुरू झालेलं अंथरूण ओलं करणं, दिवसा चिडचिड, न वाढणारं वजन, हे बघायचं. टॉन्सिल्स तोंड उघडलं की दिसतात. ॲडिनॉइड पडजिभेच्या मागे, वर नाकाच्या शेवटाला असतात, ते टॉर्चने दिसत नाहीत. आणि क्लिनिकमध्ये मूल जागं असतं, म्हणून रात्र आम्हाला तुम्हीच दाखवायची असते. मोबाईलवर झोपेचा व्हिडिओ काढा. माझ्या टेबलावर एक्स-रेपेक्षा त्या दोन मिनिटांनी जास्त निर्णय झालेत.

आणि रविवारकारंजा काका, तुमच्या आजींचं बरोबर होतं. लाल सरबत, लाल गोळा देऊच नये. उलटी झाली तर रंग कुठला आणि रक्त कुठलं ते कळत नाही.

ओझरचा_वारा | ११ जानेवारी, सकाळी ८:१२

डॉक्टर, आदर ठेवून विचारतो. १९३४ साली न्यूयॉर्कमध्ये अकरा वर्षांच्या १००० मुलांची पाहणी झाली होती. ६११ जणांचे टॉन्सिल्स आधीच काढलेले. उरलेल्या ३८९ ना डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी १७४ जणांना ऑपरेशन सांगितलं. बाकीचे २१५ दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवले, तर त्यांनी ९९ निवडले. राहिलेले ११६ तिसऱ्यांकडे, त्यांनी आणखी ५१. म्हणजे ‘गरज नाही’ म्हणून परत आलेल्या पोरांतूनही दरवेळी जवळपास निम्मी ऑपरेशनला लागतात. मग आमच्यासारख्यांनी विश्वास ठेवायचा कशावर? निशिगंधताईंच्या बाबतीतही दोन डॉक्टर, दोन उत्तरं.

कर्णफूल | ११ जानेवारी, रात्री ९:४०

तुमचा प्रश्न योग्य आहे. तो अभ्यास आमच्या विद्यार्थ्यांनाही सांगितला जातो, कारण नुसतं घशात डोकावून ठरवलं की काय होतं ते त्यात दिसतं. मी वर दिलेला सात-पाच-तीनचा हिशोब त्यानंतर कैक वर्षांनी, मुलांवर रीतसर चाचण्या करून आला.

झोपेचंही तसंच. अमेरिकेत पाच ते नऊ वर्षांच्या ४६४ मुलांचे दोन गट केले, एकाचं ऑपरेशन लवकर, दुसऱ्या गटाने वाट पाहायची. २०१३ साली निकाल आला. सात महिन्यांनी ऑपरेशनच्या गटात ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी नॉर्मल आली. वाट पाहणाऱ्यांत ४६ टक्के. म्हणजे तुमची मुलगी त्या ४६ मधली, आणि तुम्ही थांबलात ते चुकलं नाही. पण रात्री ऑक्सिजन फार उतरणारी मुलं त्या अभ्यासात घेतलीच नव्हती. त्यांच्यासाठी थांबण्याचा सल्ला त्यातून काढता येत नाही.

निशिगंध, स्प्रे सुरू करण्यात नुकसान नाही. मात्र त्याच्याबरोबर मॉन्टेलुकास्ट ही ॲलर्जीची गोळी दिली असेल आणि मुलगा एकदम रडवेला झाला, वाईट स्वप्नं पडू लागली, तर लगेच डॉक्टरांना कळवा. त्या गोळीवर अमेरिकेत २०२० पासून तसा ठळक इशारा छापतात.

तुळशीवृंदावन | १२ जानेवारी, सकाळी ६:५५

मी वैद्य. सुश्रुतसंहितेत तुंडिकेरी आणि गिलायु ही घशातल्या या सुजेची नावं आहेत, आणि शस्त्रकर्माचा विचारही तिथेच आहे. त्यामुळे ‘आयुर्वेदात कापाकापी नाही’ म्हणून कुणी अडवत असेल तर ते खरं नाही. वारंवार घसा धरणाऱ्या मुलांना मी औषध देतो, गुळण्या, आहार सांगतो. पण झोपेत श्वास अडणारं मूल आलं तर ठेवून घेत नाही, पुढे पाठवतो.

इंदिरानगरी | १२ जानेवारी, दुपारी १२:३०

काढल्यावर प्रतिकारशक्ती कमी होते म्हणतात, ते खरं का? माझ्या वहिनीने त्याच एका भीतीने नाही केलं.

कर्णफूल | १२ जानेवारी, रात्री १०:१८

घशात आणि जिभेच्या मुळाशी त्याच जातीची ऊती बरीच शिल्लक राहते, त्यामुळे मूल उघडं पडत नाही. पण अगदी काहीच फरक नाही असंही मी म्हणणार नाही. डेन्मार्कमध्ये सुमारे १२ लाख मुलांच्या नोंदी तिशीपर्यंत तपासल्या, त्यात लहानपणी टॉन्सिल्स काढलेल्यांना पुढे श्वसनाचे आजार जास्त दिसले (२०१८). आधीपासून आजारी मुलांचेच टॉन्सिल्स काढले जातात, म्हणून त्याचा अर्थ लावताना सावध राहावं लागतं. कारण असेल तरच काढायचे, एवढं त्यातून मी घेते.

हिशेबवही | १३ जानेवारी, सकाळी ११:००

खर्चाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. विम्याचं काम करतो. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत टॉन्सिल्स-ॲडिनॉइड बहुधा ठरावीक आजारांच्या यादीत असतात आणि त्यांना प्रतीक्षा काळ असतो. आरोग्य संजीवनी या पॉलिसीत तो २४ महिने आहे. काल पॉलिसी काढून उद्या क्लेम होत नाही. तारीख ठरवण्याआधी कागद वाचा आणि आधी मंजुरी घ्या. विमा नसेल तर त्र्यंबक रोडच्या सिव्हिलला कान-नाक-घशाच्या ओपीडीत एकदा दाखवून या.

निशिगंध | १७ जानेवारी, रात्री १२:२५

सगळ्यांचे आभार. संक्रांतीच्या पतंगांच्या धावपळीतही तुम्ही वेळ काढलात.

टीव्हीचा आवाज वाढवतो. मागून हाक मारली की दुसऱ्यांदा वळतो. मला वाटायचं खेळात गुंगलाय.

तीन रात्री व्हिडिओ काढला. बनियन वर करून पोट उघडं ठेवलं, नाइट लॅम्प लावला. पहिली दोन मिनिटं घोरणं. मग एकदम शांत. पोट हलतंय, छातीखाली खड्डा पडतोय, पण आवाज नाही, हवा नाही. मी मोबाईलच्या घड्याळात मोजलं, अकरा सेकंद. मग हिसका, कूस बदलली, पुन्हा घोरणं. तासाभरात असं किती वेळा झालं ते मोजायचं मी सोडून दिलं. इतकी वर्षं मी त्याच्या शेजारी झोपतेय आणि शांत झाला की मला बरं वाटायचं, की चला, घोरणं थांबलं.

सकाळी सासूबाईंना दाखवला. त्यांनी दोनदा बघितला. काही बोलल्या नाहीत, देवासमोर जाऊन बसल्या. संध्याकाळी म्हणाल्या, कधीची तारीख मिळते बघ.

पंचवटीच्या डॉक्टरांनाही दाखवला. तेही म्हणाले, आता थांबू नका. कानाच्या तपासणीत दोन्हीकडे पाणी आहे. आता ऑपरेशनच्या दिवसाबद्दल सांगा.

द्राक्षवेल | १७ जानेवारी, सकाळी ६:१०

पिंपळगाव बसवंत. घाबरवायला लिहीत नाही, पण हे माहीत असलंच पाहिजे. माझ्या मुलीचं दोन वर्षांपूर्वी नाशिकला झालं. सहा दिवस मस्त गेले. सातव्या रात्री मी बागेत फवारणीची तयारी करून आलो तर ती झोपेत सारखी आवंढा गिळतेय. बायको म्हणाली तहान लागली असेल. अर्ध्या तासाने उठली आणि गडद उलटी केली. रक्त! ऑपरेशन केलं त्या दवाखान्याचा रात्रीचा नंबर चार वेळा लावला, कुणी उचलला नाही. गाडीत बसवून हायवेने निघालो. तीस किलोमीटर, ती मांडीवर बसून बादलीत थुंकतेय. दुसऱ्या एका हॉस्पिटलमध्ये घेतलं, पुन्हा भूल देऊन रक्त थांबवलं. आता ठणठणीत आहे.

माझी तक्रार रक्ताबद्दल नाही, ते कुठेही होऊ शकतं. सातव्या दिवशी होऊ शकतं हे आम्हाला सुट्टी देताना कुणी सांगितलं नाही, हा राग आहे. ताई, रात्री दोन वाजता फोन कोण उचलणार ते आधी विचारा, आणि तो नंबर स्वतः एकदा रात्री लावून बघा.

सुईदोरा | १७ जानेवारी, रात्री ८:४५

द्राक्षवेल दादांनी लिहिलंय ते अगदी खरं. मी ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे, बारा वर्षं झाली. रक्त येतं ते पहिल्या चोवीस तासांत, नाहीतर पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान, खपली सुटते तेव्हा. झोपेत सारखं गिळणारं मूल म्हणजे टॉर्च घेऊन घशात बघायची वेळ. ताजं रक्त दिसलं तर घरी थांबायचं नाही. ते दहा-बारा दिवस गावाला, लग्नाला, वणीला जाऊ नका.

आदल्या रात्री नीट जेवू द्या. भुलेच्या आधी सहा तास अन्न-दूध बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, पण तुमच्या भूलतज्ज्ञांची वेळ पाळा. आजी लोक दया येऊन बिस्कीट देतात, तसं झालं तर लपवू नका, भुलेत उलटी फुप्फुसात जाते. हलणारा दुधाचा दात असेल तर आधी सांगा.

नंतर घशात दोन्हीकडे पांढरट-पिवळा थर दिसेल. तो पू नाही, तशीच खपली असते. तोंडाला वास येईल. चौथ्या-पाचव्या दिवशी ‘कान दुखतो’ म्हणेल, घशाची आणि कानाची नस एकच आहे म्हणून. त्याच दिवसांत मुलं पाणी सोडतात आणि घसा कोरडा पडून जास्त दुखतो. म्हणून वेदनेचं औषध दुखायची वाट न बघता वेळेवर द्या, डोस डॉक्टरांनी लिहिलेलाच. ॲस्पिरिन नको. घरात कोडीनचं जुनं खोकल्याचं औषध असेल तर ते चुकूनही देऊ नका, त्याने लहान मुलांचा श्वास मंदावतो. लघवी किती वेळा झाली ते लिहून ठेवा, पाणी पुरतंय का ते त्यावरून कळतं.

सिडको_स्टॉप | १७ जानेवारी, रात्री ९:३०

मी वर ‘घाई नको’ लिहिलं होतं ते मागे घेतो. अकरा सेकंद वाचून स्वतः श्वास रोखून बघितला. पोराला भरपूर आईस्क्रीम द्या, आणि बरा झाला की मिसळीला माझ्याकडून बोलावणं.

सुईदोरा | १७ जानेवारी, रात्री ९:४१

मिसळ तीन आठवड्यांनी! आधी मऊ वरणभात, गार पेज, ताक, साबुदाण्याची खीर. चिवडा, पापडही बाजूला.

निशिगंध | २४ फेब्रुवारी, रात्री १०:५०

कळवायला उशीर झाला. ४ फेब्रुवारीला झालं. टॉन्सिल्स, ॲडिनॉइड आणि कानात नळ्या, सगळं एका भुलेत. भुलेतून उठताना खूप रडला, मला ओळखतच नव्हता, वीस मिनिटं. ते कुणी सांगितलं नव्हतं म्हणून इथे लिहून ठेवते, घाबरू नका, उतरतं. संध्याकाळी गार दूध प्यायला. पाचवा दिवस सगळ्यात वाईट, कान धरून बसला होता, पाण्याचा घोटही नको. सासूबाईंनी चमचा-चमचा ताक पाजलं, तासभर, प्रत्येक चमच्याला रामरक्षेची एक ओळ. रात्रीचा नंबर मी आधी लावून बघितला होता, उचलला होता. गरज पडली नाही.

आवाज अजून थोडा नाकातून येतो, डॉक्टर म्हणाले काही आठवड्यांत जाईल. जेवण वीस मिनिटांवर आलंय. परवा गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, नेलं होतं. भाजीबाजारातून जाताना थांबला आणि विचारलं, ‘आई, हा कसला वास?’ कोथिंबिरीचा होता. त्याला तो वास ठाऊकच नव्हता.

काल पुन्हा व्हिडिओ काढला, तसाच, एक तासाचा. सगळा ऐकला. लांब कुठेतरी कुत्रं भुंकतंय आणि पंख्याचा आवाज. बाकी काही नाही.

ओझरचा_वारा | २५ फेब्रुवारी, सकाळी ७:२०

ताई, फार बरं वाटलं. बरं केलंत.

इंदिरानगरी | २५ फेब्रुवारी, रात्री ९:१५

वहिनीला हा धागा पाठवलाय. तिची मुलगी चार वर्षांची, रोज घोरते. आज रात्री व्हिडिओ काढणार आहे. कसा काढायचा?

निशिगंध | २५ फेब्रुवारी, रात्री ९:२२

झोपून तासभर होऊ दे. मंद दिवा ठेवायचा, पांघरूण कमरेपर्यंत, तोंड आणि पोट दोन्ही दिसायला हवं. पंखा बंद करा, नाहीतर श्वास ऐकू येत नाही. आणि शांत झाली तरी बंद करू नका, तिथेच रेकॉर्डिंग चालू ठेवा.